वाचकांचे प्रश्न : हातात आरसा, दंडाला साप, ही बाई कोण?

एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच अकादमिक (म्हणजे कलाअकादमीच्या शिस्तीत केलेल्या) जलरंगांबद्दल, त्यातही रूपकात्मक, म्हणजे एखाद्या गुणाला किंवा कलेला बाईचं रूप देणाऱ्या स्त्रीचित्रांबद्दल, सोलापुरातून आलेली पत्रं या वेळी घेतली आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न (जुळे सोलापूर) : आजोबांच्या काळापासून घरात एक जलरंगातलं चित्र आहे, अंदाजे ४० बाय २५ सेंमी. उभी बाई, निळं वस्त्र, उजव्या हातात छोटा आरसा, डाव्या दंडाला साप. चित्राची वरची कड कमानीसारखी गोल आहे. घरात सगळे तिला नागकन्या म्हणतात. मागे फ्रेंचमध्ये शाईनं काही लिहिलंय. ही कोण असावी?

नागकन्या नव्हे. आरसा आणि साप एकाच बाईकडे असले की ती ‘प्रुदांस’, म्हणजे दूरदृष्टी, सावध शहाणपण. ती आरशात रूप न्याहाळत नाही. मागचं आणि स्वतःचं पाहून मगच पुढचं पाऊल टाकते, असा त्या आरशाचा अर्थ आहे. साप बायबलमधून आला. मत्तयच्या शुभवर्तमानात (१०:१६) येशू शिष्यांना सापासारखं चतुर व्हायला सांगतो. काही चित्रांत तिच्या डोक्यामागे दुसरा, म्हाताऱ्याचा चेहराही असतो. आपल्या चित्रात केसांच्या मागे तशी पुसट रेघ आहे का, ते पाहा.

ही खुणांची भाषा फ्रेंच चित्रकारांनी स्वतः रचलेली नाही. चेझारे रिपा या इटालियन लेखकाचा ‘इकोनोलोजिया’ हा ग्रंथ १५९३ साली निघाला आणि १६०३ च्या आवृत्तीत त्यात चित्रं आली. कुठल्या गुणाच्या हाती काय द्यायचं याचा तो कोशच आहे, आणि पुढची अडीच-तीनशे वर्षं युरोपातले चित्रकार त्यावर चालले. म्हणून चेहऱ्याकडे शेवटी पाहावं, हातातल्या वस्तूंकडे आधी. आणि एक वस्तू पाहून कधीच निकाल देऊ नये. आरसा आहे, साप नाही आणि अंगावर वस्त्रही नाही, तर ती ‘सत्य’ असण्याची शक्यता मोठी. आरशासोबत कंगवा आणि दागिने असले तर ‘व्यर्थ अभिमान’. साप वाटीतून पीत असेल तर ती आरोग्याची देवता हायजिया. पंखांच्या काठीला दोन साप वेढलेले असले तर ‘व्यापार’. साप स्वतःचीच शेपटी गिळत असेल तर ‘अनंतता’. साप छातीशी आणि जवळ अंजिरांची टोपली असेल तर क्लिओपात्रा, म्हणजे रूपक नव्हेच, इतिहासातली व्यक्ती.

वस्त्राच्या रंगावर फार भिस्त नको. श्रद्धेला पांढरा, आशेला हिरवा, दयेला तांबडा हा संकेत बराच पाळला गेला. बाकीच्यांना चित्रकार शोभेल तो रंग देत. आपल्याकडच्या मूर्तिशास्त्राची फूटपट्टीही इथे चालत नाही. हातात फुलं आली म्हणून ती लक्ष्मी होत नाही, आणि वाद्य आलं म्हणून सरस्वती होत नाही.

आपल्या पत्रातला खरा मोलाचा तपशील म्हणजे ती कमानीसारखी कड. सुटं, दिवाणखान्यात टांगायला काढलेलं जलरंगचित्र सहसा चौकोनी असतं. वरून गोल, अर्धवर्तुळ किंवा खाली निमुळता होत गेलेला त्रिकोण असेल, तर ते बहुधा एखाद्या इमारतीच्या भिंतीसाठी किंवा छतासाठी केलेलं संकल्पचित्र. त्या काळात फ्रान्समध्ये असल्या कामाला तोटा नव्हता. पॅरिसचं नगरभवन १८७१ च्या कम्यूनमध्ये, म्हणजे शहरातल्या उठावात, जळालं आणि पुन्हा बांधून १८८२ साली उघडलं. १८७५ साली उघडलेल्या, वास्तुकार गार्निएनं बांधलेल्या पॅरिसच्या ऑपेराचं दालन चित्रकार पोल बोद्रीनं रंगवलं. या सगळ्या छतांवर आणि भिंतींवर न्याय, काव्य, संगीत, शेती, व्यापार अशा बायकांची रांग आहे. मोठं काम तैलरंगात करण्याआधी मंजुरीसाठी रंगीत कच्चं चित्र दाखवावं लागे. त्याला जलरंग सोयीचा, कारण लवकर वाळतो आणि गुंडाळी न करता सपाट नेता येतो.

तेव्हा तीन गोष्टी तपासा. पेन्सिलीच्या चौकटी रंगाखाली दिसतात का? चित्र मोठं करताना अशा चौकटी पाडत. आकृती खालून वर पाहिल्यासारखी आहे का, म्हणजे हनुवटीची खालची बाजू दिसते आणि डोकं अंगाच्या मानानं लहान वाटतं का? आणि मागच्या मजकुरात ‘प्रोजे’ (आराखडा), ‘प्लाफों’ (छत), ‘पानो’ (भिंतीचा भाग) किंवा ‘एस्किस’ (कच्चं चित्र) यांपैकी काही आहे का? असेल तर शोध चित्रकाराच्या नावापासून सुरू करू नका, इमारतीपासून करा. तो जास्त लवकर लागतो. मजकुराचा फोटो दिवसाउजेडी, तिरक्या प्रकाशात काढून पाठवा.

प्रश्न (नवी पेठ, फ्रेमिंगचा व्यवसाय) : अशी जुनी चित्रं दुकानात येतात. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न : हातानं रंगवलेलं की छापील? खात्रीनं कसं सांगावं?

दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि एक टॉर्च, एवढ्यावर दहातली आठ उत्तरं मिळतात.

आधी भिंगातून गालाचा भाग पाहा. निळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांची फुलासारखी नियमित जाळी दिसली तर ते विसाव्या शतकातलं ऑफसेट. पुढे पाहायची गरज नाही. ठिपके अगदी बारीक, एकसारख्या आकाराचे पण विस्कटलेले असतील तर आजकालचं इंकजेट, मग कागद कितीही खरबरीत असो. ठिपके ओबडधोबड, कमीअधिक आकाराचे, आणि एका रंगाची कड दुसऱ्यापासून केसभर सरकलेली दिसली तर क्रोमोलिथो, म्हणजे दगडांवरून केलेली रंगीत छपाई. एंगेलमान या मुद्रकानं या पद्धतीचं पेटंट १८३७ साली घेतलं. शतकाच्या उत्तरार्धात आठ-दहा किंवा त्याहून जास्त दगडांवरून छापलेल्या प्रती निघत, आणि त्या लांबून हुबेहूब जलरंग वाटतात. कापडाच्या गाठींवर चिकटवायची जुनी रंगीत लेबलं सोलापुरात अजून काही घरांत सापडतात. त्यातलं एखादं भिंगाखाली धरा, म्हणजे क्रोमोलिथोचा ठिपका डोळ्यांत कायमचा बसेल.

सगळ्यात फसवं कोलोटाइप, म्हणजे जिलेटिनच्या थरावरून केलेली छपाई. त्यात ठिपके नसतातच, फक्त सुरकुतल्यासारखी अतिबारीक वळवळती जाळी असते. ती सावलीच्या मधल्या छटेत शोधावी. गडद आणि अगदी फिकट भागात ती लपते.

हातचा जलरंग वेगळाच दिसतो. वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, जिथे वाळून थांबला तिथे कड गडद होते. रंगाचे कण कागदाच्या खळग्यांत बसलेले असतात, अल्ट्रामरीन निळ्यात हे ठळक दिसतं. दोन फटकारे एकमेकांवर आले तिथे छटा दुप्पट होते. पेन्सिलीची रेघ टॉर्च तिरका धरल्यावर चकाकते, छापील करडी रेघ चकाकत नाही. डोळ्यातली चमक किंवा मोत्याचा ठिपका पाहा. तो पांढऱ्या अपारदर्शक रंगाचा उंचवटा असेल, नाहीतर चाकूच्या टोकानं कागद खरवडून काढलेला असेल. खरवडलेल्या जागी कागदाचे तंतू उभे राहिलेले दिसतात. छापखान्याला हे जमत नाही.

फसगत होते ती मिश्र मालात : बाह्यरेषा छापील आणि रंग हातानं भरलेला. रंग तपासून ‘हातचं आहे’ म्हणून मोकळं होऊ नका. रेषा स्वतंत्रपणे तपासा. सगळ्या रेषा एकाच काळ्या, किंचित तेलकट शाईच्या आणि कुठेही न चकाकणाऱ्या असतील, तर ते रंगवलेलं मुद्रण.

फ्रेम उघडायला हरकत नसेल तर कागदाकडे वळा. मागून मंद प्रकाश धरून जलचिन्ह पाहा. व्हॉटमन या इंग्रजी कागदावर अनेकदा सालही असतं, आणि फ्रेंच चित्रकारही तो कागद वापरत. अर्थात साल कागदाचं असतं, चित्राचं नव्हे. चित्र त्यानंतर केव्हाही झालेलं असू शकतं, आधी मात्र नाही. मग अंधार करून ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च मारा. कागद झगझगीत निळसर पांढरा उजळला तर त्यात चमक आणणारी रसायनं आहेत, आणि तसा कागद साधारण १९५० च्या आधीचा नसतो. माऊंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) उजळतोय की चित्राचा कागद, एवढं नीट पाहा. त्याच प्रकाशात झिंकचा (जस्ताचा) पांढरा रंग पिवळट हिरवा दिसतो.

सही सर्वात शेवटी. ती डागाच्या किंवा ओरखड्याच्या वरून गेली असेल, शाई ओरखड्यात उतरली असेल, तर सही चित्रानंतर बऱ्याच वर्षांनी आलेली आहे. आणि कागद काचेला चिकटलेला दिसला तर उघडू नका. ओढलं की रंगाचा थर काचेवर राहतो. गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगून चित्र आहे तसं परत द्या.

प्रश्न (सदर बझार, चित्रकला शिक्षिका) : इंटरमिजिएट झालेल्या मुलांकडून या पद्धतीची एक आकृती करून घ्यायची आहे. मुलांची त्वचा मळकट होते आणि वस्त्र पन्हाळीच्या पत्र्यासारखं दिसतं. मूळ पद्धत काय होती, आणि आपल्या हवेत ती कशी बसवावी?

मूळ पद्धतीत रंग फार उशिरा येत असे. पॅरिसच्या अकादमिक शिक्षणात विद्यार्थी आधी छापील नमुन्यांवरून रेखाटत, मग प्लास्टरच्या मूर्तींवरून, आणि त्यानंतरच जिवंत मॉडेलवरून. शार्ल बार्गनं चित्रकार जेरोमच्या सहकार्यानं केलेली, गुपिल या प्रकाशनानं १८६६ पासून काढलेली रेखाटनपत्रं याच कामासाठी होती. वस्त्र घातलेली आकृतीसुद्धा आधी विवस्त्र रेखाटत, मग वेगळ्या कागदावर वस्त्राचा अभ्यास करत, मग दोन्ही एकत्र आणत. तुमच्या मुलांचं वस्त्र पत्र्यासारखं दिसतं त्याचं मूळ इथेच आहे : आत शरीरच नाही. वर्गात विवस्त्र अभ्यास शक्य नाही, पण गुडघा, कंबर, खांदा, कोपर यांच्या जागा दाखवणारी साधी आकृती फिकट पेन्सिलीनं आधी काढून घ्या. उंची साडेसात ते आठ डोकी.

वस्त्राचा नमुना स्वतः मांडा. सोलापुरी चादर या कामाला जाड पडते. तिच्या चुण्या मोठ्या आणि थोड्या पडतात, बसलेल्या आकृतीच्या मांडीवर टाकायला ती ठीक. उभ्या रूपकाला मलमल किंवा जुनी धुतलेली सुती साडी घ्या, पातळ खळीत बुडवून पिळा आणि ओली असतानाच खुर्चीच्या पाठीवर दोन ठिकाणी टाचून सोडा. चुण्या नेहमी आधाराच्या बिंदूतून निघतात : खांद्यावरचा काटा, वाकवलेला गुडघा, पट्टा. मुलांना आधी फक्त हे बिंदू कागदावर मांडायला सांगा, मग एका बिंदूतून दुसऱ्याकडे ताण कसा जातो त्या रेषा. समांतर उभ्या रेषा आपोआप बंद होतात.

कागद कापसाचा, ३०० ग्रॅमचा, शक्यतो गुळगुळीत पृष्ठाचा घ्या. ३८ बाय २८ सेंमीचा पाव ताव पुरतो. पाच ते आठ मिनिटं पाण्यात बुडवून बोर्डवर सपाट पसरा आणि चारही बाजूंनी ५ सेंमी रुंदीची गमटेप अर्धी कागदावर, अर्धी बोर्डवर लावा. बोर्ड आडवा ठेवून सावलीत वाळू द्या. मे महिन्यात पंख्याखाली ठेवला तर कडा आधी वाळून आकसतात आणि टेप सुटते किंवा कोपरा फाटतो.

रेखाटन साध्या कागदावर पूर्ण करून ट्रेसिंगनं उतरवा. ट्रेसिंगच्या मागे पेन्सिल घासा. कार्बन पेपर नको, त्याची मेणचट रेघ पाणी झटकते. जलरंगाच्या कागदावर रबर जितकं कमी तितकं बरं. कागदाला जिलेटिनची खळ असते आणि ती सुताच्या खळीसारखंच काम करते : तंतू धरून ठेवते, पाणी एकदम आत शोषू देत नाही. रबरानं ती निघाली की त्या जागी वॉश खोल शिरतो आणि गालावर नेमका गडद डाग उमटतो. मुलं म्हणतात रंग बिघडला; बिघडलेला असतो कागद.

त्वचेसाठी चारच रंग ठेवा : यलो ओकर, लाइट रेड, कायम टिकणारा गुलाबी (ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक पीव्ही १९ असेल तो) आणि कोबाल्ट निळा. अलिझरीन क्रिमझन, पीआर ८३, टाळा. तो उजेडात उडतो, आणि जुन्या चित्रांतल्या बायका आज फिकट दिसण्याचं एक कारण असे उडणारे लाल रंगच आहेत.

पहिला वॉश ओकर आणि किंचित गुलाबी, इतका पातळ की बशीत रंग आहे की नाही अशी शंका यावी. तो चेहरा, मान, हात सगळ्यांवर एकदम द्यायचा, फक्त कपाळ, नाकाची दांडी आणि खांद्यावरची चमक कोरी सोडायची. पूर्ण वाळू द्या. हाताची पालथी बाजू कागदाला लावून पाहा; गार लागला तर आत ओल आहे. दुसरा वॉश कोबाल्ट आणि लाइट रेडच्या करड्या मिश्रणाचा, फक्त सावलीच्या बाजूला. उजेड आणि सावली यांच्या मधल्या पट्ट्यात कोबाल्ट जरा जास्त ठेवा. त्वचा जिवंत दिसते ती या थंड पट्ट्यामुळे. तिसऱ्या फेरीत गाल, कान, बोटांची पेरं आणि कोपर यांना गुलाबी, आणि हनुवटीखाली वस्त्राचा परावर्तित उजेड. शेवटी एक-दोन नंबरच्या, जवळजवळ कोरड्या ब्रशनं बारीक ठिपके आणि रेघोट्या देऊन कडा मिसळायच्या. अकादमिक चित्रांतला तो मऊ चेहरा एका फटकाऱ्याचा नसतो, अशा शेकडो ठिपक्यांचा असतो. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

त्वचा मळकट होण्याची कारणं तीनच. खालचा थर ओला असताना वरचा दिला. एका मिश्रणात तीनपेक्षा जास्त रंग गेले. किंवा त्वचेत पांढरा मिसळला. पांढरा रंग अगदी शेवटी, वेगळा : दागिना, जरीची कड, डोळ्यातला ठिपका. पांढरं वस्त्र म्हणजे कोरा कागद आणि कोबाल्ट-ओकरची सावली. पार्श्वभूमीचा चढत्या छटेचा वॉश देताना बोर्डची मागची कड सुमारे १० सेंमी उचला. रंगाचा थेंब खालच्या कडेवर साठत राहिला पाहिजे आणि पुढचा पट्टा त्यालाच धरून ओढायचा. अर्धवट वाळलेल्या भागात पुन्हा पाणी घातलं की ते पसरून रांगोळ्या उठतात. त्या दुरुस्त करायला जाऊ नका, वाळू द्या.

उन्हाळ्यात सोलापुरात वॉश डोळ्यांदेखत वाळतो. सकाळी नऊच्या आत वॉश उरका आणि तेवढा वेळ पंखा बंद ठेवा. पेलाभर पाण्यात ग्लिसरीनचे एक-दोन थेंब टाकले तर थोडी सवड मिळते. जास्त टाकलं तर रंग पावसाळ्यात चिकट राहतो आणि बुरशी धरतो.

नमुना म्हणून फ्रेंच चित्रांच्या जोडीला सावळाराम हळदणकरांची हाती दिवा घेतलेली स्त्री दाखवा. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं ते काम कागदावरच्या जलरंगातलं आहे. बोटांमधून झिरपणारा तांबूस उजेड पाहिला की थरांचं गणित मुलांना न सांगता कळतं.

प्रश्न (विजापूर रोड) : जुन्या जलरंगावर तपकिरी ठिपके वाढत आहेत आणि माऊंटच्या कडेला तपकिरी पट्टा आलाय. कुणी ब्लीच सुचवलं, कुणी ऊन दाखवायला सांगितलं. काय करावं?

दोन्ही नको. ब्लीचनं ठिपके जातील, त्यांच्याबरोबर रंगही जातील, आणि कागद काही वर्षांत ठिसूळ होईल. उन्हानं उडालेला रंग परत आणण्याचा कुठलाही उपाय नाही. कार्माइन, इंडिगो, जुने पिवळे ‘लेक’ (वनस्पतींपासून केलेले रंग) यांना तर आधी झळ बसते.

ठिपक्यांमागे बुरशी, कागदातले लोहाचे कण किंवा दोन्ही असू शकतात. दमटपणा मिळाला की ठिपके वाढतात. पट्ट्याचं कारण वेगळं. जुना माऊंट आणि मागचा पिवळा स्ट्रॉबोर्ड आम्लधर्मी असतो. त्याचं आम्ल कागदात उतरतं आणि कापलेल्या कडेलगत कागद भाजल्यासारखा होतो. मागे लाकडी फळी असेल तर फळीच्या फटींच्या रेघाही कागदावर उतरतात. तेव्हा पहिलं काम स्वच्छता नव्हे. फ्रेममधला हा माल बदलणं, हे पहिलं काम.

फ्रेमवाल्याला सांगायचं ते असं. पुढचा आणि मागचा माऊंट दोन्ही आम्लरहित, दीड-दोन मिलिमीटर जाडीचे. चित्र माऊंटला पूर्ण चिकटवायचं नाही. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या, गव्हाच्या शुद्ध स्टार्चच्या खळीनं, बस्स. फेव्हिकॉल, सेलोटेप, दुहेरी चिकटपट्टी, लॅमिनेशन यांपैकी काहीही नको. काच आणि चित्र यांत अंतर हवं. नवी काच घेणार असाल तर अतिनील किरण अडवणारी घ्या. फ्रेमची मागची बाजू कागदी टेपनं बंद करा, आणि खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंतीशी सेंटिमीटरभर हवा खेळती राहील.

जागेचा प्रश्न सोलापुरात जास्त गंभीर आहे. पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात दुपारनंतर तापते आणि पावसाळ्यात ओल धरते. चित्र घराच्या आतल्या भिंतीवर हलवा. देव्हाऱ्यावर किंवा स्वयंपाकघराच्या तोंडाशी नको, काजळी आणि तेलाचा थर बसतो. आणि कुलर. एप्रिल-मेमध्ये दिवसभर कोरडी हवा, रात्री कुलरची दमट हवा, असा झोका रोज बसला की कागद फुगतो, आकसतो, लाटा येतात, आणि अपारदर्शक रंगाचे जाड ठिपके तडकून पडायला लागतात. ज्या खोलीत कुलर चालतो तिथे असं चित्र ठेवूच नये. सतत ५० टक्क्यांच्या आसपास दमटपणा आदर्श. तो जमला नाही तरी चढउतार कमी करणं हाती आहे. उजेड ५० लक्सपर्यंत, म्हणजे पडदा ओढलेल्या खोलीइतका. तीन महिने टांगा आणि उरलेलं वर्ष अंधाऱ्या, कोरड्या कपाटात आडवं ठेवा. संग्रहालयंही साधारण असंच करतात.

कसर खळीवर आणि जिलेटिनवर जगते. डांबरगोळ्या किंवा कडुनिंबाचा पाला फ्रेमच्या आत घालू नका. पाल्याचा डाग पडतो, गोळीची वाफ कागदावर बसते. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या सफाईत, फ्रेम उतरवून मागची बाजू कोरड्या ब्रशनं झाडली तरी पुष्कळ.

ठिपके खरंच नको असतील तर ते कागदाच्या संवर्धकाचं काम आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे; तिथून सुरुवात करा.

प्रश्न (होटगी रोड) : चित्रातल्या बाईच्या कपाळावरची आणि मोत्यांची पांढरी चमक काळी पडली आहे. काजळी असेल का?

नाही. तिथे शिशाचा पांढरा वापरला असावा. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडनं त्याचं काळं लेड सल्फाइड होतं. कोळशाच्या आणि गॅसच्या दिव्यांच्या काळात हे सर्रास घडे. तैलरंगात तेल त्याला झाकून ठेवतं, जलरंगात तो उघडा असतो. म्हणूनच १८३४ साली विन्सर अँड न्यूटननं झिंकचा ‘चायनीज व्हाइट’ आणल्यावर चित्रकार तिकडे वळले. संवर्धक हायड्रोजन पेरॉक्साइडनं तो काळा भाग पुन्हा पांढरा करू शकतात. घरी औषधाच्या दुकानातली बाटली आणून करू नका. त्यातलं पाणीच शेजारचा रंग पसरवेल.

प्रश्न (एक महाविद्यालयीन वाचक) : फ्रेंच लिलावांच्या याद्या पाहतो. ‘आत्रिब्युए आ’, ‘आतलिए द’, ‘दाप्रे’ असे शब्द नावापुढे असतात. चित्र नक्की कुणाचं समजायचं?

फ्रान्समध्ये या शब्दांना ३ मार्च १९८१ च्या सरकारी आदेशानं ठरलेला अर्थ आहे. नावापुढे काहीच नसेल आणि स्पष्ट शंका नोंदवलेली नसेल तर विक्रेता ते त्याचंच असल्याची हमी देतो. ‘आत्रिब्युए आ’ म्हणजे चित्र त्या चित्रकाराच्या कामाच्या काळातलं आहे आणि ते त्याचं असल्याला गंभीर आधार आहेत. ‘आतलिए द’ म्हणजे त्याच्या कार्यशाळेत किंवा देखरेखीखाली झालेलं. ‘दाप्रे’, ‘दां ल गू द’, ‘मानिएर द’ यांत कर्त्याची किंवा काळाची कसलीच हमी नाही. ते परवा काढलेलंही असू शकतं. ‘दाप्रे काबानेल’ वाचून अकादमिक चित्रकार काबानेल (१८२३–१८८९) डोळ्यांपुढे आणू नका.

आणखी काही शब्द उपयोगी पडतील. ‘आक्वारेल’ म्हणजे जलरंग, ‘आक्वारेल गुआशे’ म्हणजे अपारदर्शक रंग मिसळलेला, ‘रेओ द ब्लां’ म्हणजे पांढऱ्याची चमक, ‘मीन द प्लों’ म्हणजे पेन्सिल. मापं उंची आधी, रुंदी नंतर. ‘आ व्यू’ असेल तर माप माऊंटच्या खिडकीतून दिसणाऱ्या भागाचं आहे आणि कागद त्याखाली मोठा असू शकतो, किंवा कापलेलाही. ‘काशे दातलिए’ म्हणजे सही नव्हे. चित्रकाराच्या मृत्यूनंतर कार्यशाळेतल्या वस्तू विकताना बहुधा वारसांनी मारलेला शिक्का. वाईट नाही, पण सहीची किंमत त्याला देऊ नये.

प्रश्न (मंगळवार पेठ) : मुलगा परदेशी स्थायिक आहे. शंभर वर्षांहून जुनं चित्र त्याला सामानातून नेता येईल का?

परस्पर नाही. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी चित्रं पुरावस्तूंच्या व्याख्येत येतात आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. चित्र प्रत्यक्षात कमी वयाचं असेल, किंवा नुसती छापील प्रत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ‘पुरावस्तू नाही’ असं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. विमानतळावर तेच दाखवायचं असतं. अर्जासोबत पुढची-मागची छायाचित्रं आणि मापं लागतील. चित्र फ्रेमबाहेर काढून मोजलेलं असावं. तिकिटं काढण्याआधी हे उरका.